इंग्रजीला गाव विचारणारे पिंजारी सर

फैजपूरच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मला पहिला प्रश्न आला तो माझ्या नावाचा नव्हता. डिगऱ्यांचा तर नव्हताच.

"तुमनं गाव कोनतं, बाई?"

खिडकीजवळच्या खुर्चीत एक उंच, वाळक्या अंगाचे गृहस्थ बशीतून चहा पीत बसले होते. मी म्हणाले, जळगाव. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. "आन् तेना पहिले?" मग आजोबा नशिराबादहून जळगावला आले, हेही सांगावं लागलं. "नशिराबादना राणे. हां. आते बसा," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. जणू नशिराबाद निघालं नसतं तर उभंच राहावं लागलं असतं.

हे होते इंग्रजीचे सुलेमान पिंजारी सर. मूळ धुळ्याकडच्या दोंडाईचाचे, घरची बोली अहिराणी, आणि फैजपुरात इतकी वर्षं काढूनही ती त्यांनी सोडली नव्हती. आमच्या भागात भेटलेल्या माणसाला आधी गाव विचारायची रीतच आहे. गाव कळलं की नातं निघतं, नातं निघालं की चहा निघतो. सरांची गंमत एवढीच की ते हा प्रश्न इंग्रजी शब्दांनाही विचारायचे.

वर्गात एखाद्या पोराने निबंधात 'टेकन अबॅक' लिहिलं की सर वही मिटायचे आणि त्याला उभं करायचे. "हा कोण आणला तू? गाव कोणतं याचं? काय धंदा करतो?" पोरगं खाली मान घालायचं. बाजारातल्या गाइडमधून उचललेला वाक्प्रचार, त्याला गाव कुठलं! मग सर सांगायचे की हा शब्द दर्यावरचा, शिडाच्या जहाजाचा. वारा अचानक समोरून आला की शीड उलटं डोलकाठीवर आपटायचं आणि चालतं जहाज जागच्या जागी थांबायचं. असं थबकलेलं जहाज म्हणजे टेकन अबॅक. "आता सांग, तुझा मामा दिवाळीला आला तेव्हा तू असा थबकला होता का? का नुसता खूश झाला होता?" पोरगं म्हणायचं, नुसता खूश झालो होतो. "मग खलाशाला कशाला त्रास दिला? साधं हॅपी लिही."

शब्द उलगडून सांगताना त्यांची एक लकब होती. अंगठा आणि दोन बोटं जुळवून ते हवेतून काहीतरी हळूहळू ओढत राहायचे. दिसत काहीच नसे, पण बघणाऱ्याला वाटे, आता यांच्या बोटांना कापूस लागलेला दिसेल. पोरं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची. मीही एकदा घरी करून बघितली आणि यजमानांनी विचारलं, हाताला काय झालं.

'ऑन टेंटरहुक्स' हा त्यांचा लाडका शब्द. जीव टांगणीला लागलाय, असा त्याचा अर्थ. आता हुक न दाखवता हा शब्द शिकवतील तर ते पिंजारी सर कसले. त्यांनी वर्गातला मोडका बाक उलटा केला, चारी बाजूंनी खिळे ठोकले आणि शिपायाचा ओला टॉवेल त्यावर ताणून बसवला. विलायतेत लोकरीचं कापड धुऊन झालं की आटू नये म्हणून असंच चौकटीला हुकांनी ताणून वाळवत. तो हुक म्हणजे टेंटरहुक. "आता ह्या टॉवेलला विचारा, कसं वाटतं." शिपाई टॉवेल मागत दारात उभा होता, त्यालाही बाकावर बसवून तो तास ऐकवला. त्या वर्षी दहावीच्या निकालाच्या दिवशी पोरं शाळेच्या कट्ट्यावर बसून सरांना सांगत होती, "सर, आम्ही टॉवेल झालो."

ज्या शब्दाचं गाव कुणालाच ठाऊक नसे, त्याच्याबद्दल सरांचा नियम ठरलेला होता: "पाहुणा म्हणून चहा द्या. पोरगी देऊ नका." शब्द वापरा, पण त्याच्या जन्माच्या कहाण्या रंगवून सांगू नका. एकदा शाळेत पाहुणे म्हणून आलेल्या एका बड्या इंजिनियर साहेबांनी भाषणात 'पॉश' शब्दाची गोष्ट सांगितली, की बोटीवर जाताना डाव्या बाजूची आणि येताना उजव्या बाजूची खोली श्रीमंतांना मिळायची, त्यातल्या आद्याक्षरांचा हा शब्द झाला. टाळ्या पडल्या. आभार मानायला सर उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "गोष्ट गोड आहे, पण हे मध्यस्थाने सांगितलेलं गाव आहे. मुलाची बाजू लग्नाआधी मध्यस्थ सांगतो ना, तसं. चौकशी केली की कागद सापडत नाही." साहेब हसले म्हणून बरं. मुख्याध्यापक हसले नाहीत.

आता सरांच्या इंग्रजीविषयी सांगते. व्याकरण चोख, पण सूर पक्का अहिराणी. प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या शेवटी एक हेलकावा यायचा. पुढे शाळेत इंग्रजी माध्यमात शिकलेले नवे शिक्षक आले, ते आपसात त्यांच्या उच्चारांची टिंगल करायचे. सरांना ते माहीत होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे, पण पोरांना आपल्या बोलीची लाज वाटलेली मात्र त्यांना खपत नसे. धुळ्याकडून बदली होऊन आलेल्या एका बापाची मुलगी वर्गात चुकून 'बठ्ठा' म्हणाली. सगळे म्हणायच्या जागी बठ्ठा. वर्ग खो खो हसला आणि मुलगी रडकुंडीला आली. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'स्लँग' असं लिहिलं आणि म्हणाले, "ही इंग्रजांची अहिराणी. लंडनचा हमाल बोलला, बंदरावरचा खलाशी बोलला, छावणीतला शिपाई बोलला. त्यांनाही तिकडचे शिकलेले असेच हसत होते. आज तेच शब्द डिक्शनरीत पाय पसरून बसले आहेत आणि तुम्ही ते पाठ करता. बठ्ठा बोलणारी आजी ज्याच्या घरात आहे त्याने हात वर करा." निम्म्या वर्गाचे हात वर गेले. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवत होते, व्याकरणाचा तास होता. भिंतीपलीकडून हे ऐकलं आणि खरं सांगते, माझ्या प्रमाण मराठीचा मला जरा कंटाळा आला.

एकदा मात्र सरांना एका शब्दाचं गाव माझ्यामुळे नव्याने कळलं, आणि याचा मला आजही अभिमान आहे. सर मला 'हेकल' समजावत होते. भरसभेत वक्त्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणं म्हणजे हेकल. ते म्हणाले, मूळ शब्द तागाच्या धंद्यातला. अंबाडीचे, तागाचे धागे दातेरी फणीवरून ओढून मोकळे करायचे, ती फणी म्हणजे हेकल. मी सहज म्हणाले, "म्हणजे आपलं पिंजून काढणं."

सरांची बशी तोंडापाशी थांबली. "काय म्हणालात?"

"पिंजून काढणं. त्याला सभेत पिंजून काढला, असं आपण म्हणतोच की."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, माझा बाप आयुष्यभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजत हिंडला. खांद्यावर ते धनुष्यासारखं पिंजण. गल्लीत शिरला की ताणलेल्या तातीचा टणटण आवाज यायचा आणि मी शाळेतल्या पोरांच्या मागे लपायचो. आणि तिकडे विलायतेत त्याच कामावरून पार्लमेंटमधला शब्द झाला आणि मला नाव असून दिसलं नाही!" दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक वर्गात हेकल शिकवला. अभ्यासक्रमात नव्हता तरी. आणि प्रत्येक वर्गात स्वतःचं आडनाव फळ्यावर लिहिलं. इतक्या ऐटीत आडनाव लिहिणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

नाशिकची सहल निघाली तेव्हा त्यांनी सगळ्यांना नाशिकरोडला उतरू न देता एक स्टेशन पुढे नेलं. देवळाली. फलाटावर पोरांना रांगेत उभं केलं. "टोप्या काढा. इथे एक इंग्रजी शब्द जन्मला." नोकरी संपलेले गोरे शिपाई विलायतेला परत जाण्यासाठी इथल्या छावणीत बोटीची वाट बघत पडून राहायचे. बोट लवकर येत नसे, ऊन उतरत नसे, काम काही नसे. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. म्हणून इंग्रज आजही डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. देवळालीचंच ते झालेलं रूप. त्याला पूर्वी 'टॅप' असं शेपूट होतं, तो आपला ताप. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सर, मग हा शब्द आपला की त्यांचा?"

सर खूश झाले. बोटांनी हवेतला कापूस ओढत म्हणाले, "माहेर देवळाली, सासर विलायत. तुझी मावशी गुजरातमध्ये दिली, तर ती कुठली? दोन्हीकडची. जन्माचं गाव एक, भाकरीचं गाव दुसरं. दोन्ही खरी. खोटं मात्र एकही सांगायचं नाही." मग आम्ही उलट्या गाडीने नाशिकला आलो आणि जेवणाला उशीर झाला. पोरं रस्ताभर एकमेकांना डूलॅली म्हणत होती, आणि काही मला उद्देशून म्हणत होती असा माझा दाट संशय आहे.

निवृत्त झाल्यावर सरांनी रविवारचा वर्ग सुरू केला. कुणीही यावं, इंग्रजी शिकावं. सुरुवातीला आठ-दहा पोरं होती, मग गल्ली भरायला लागली. शाळेने खोली दिली नाही. सरांच्या घराची ओसरी पत्र्याची. उन्हाळ्यात ती इतकी तापायची की पोरांना भोवळ यायची. मोठ्या मुली तर रस्त्यावर उभ्या राहायला नको म्हणून येईनाशा झाल्या, आणि ते सरांना फार लागलं होतं. त्यांना एकच हवं होतं, एक बंद, सावलीची खोली. तेवढ्यासाठी ते गावात सगळ्यांच्या दारी जाऊन आले. एरवी स्वतःसाठी कुणाकडे ग्लासभर पाणी न मागणारा माणूस.

खोली देऊ केली ती भिरूड अण्णांनी. अण्णा म्हणजे गावातल्या केळी बागायतदारांच्या मंडळाचे अध्यक्ष. मोठा माणूस, मोठा आवाज आणि मनही मोठं. मंडळाची नवी इमारत झाली होती, त्यातला खालचा हॉल रविवारच्या वर्गाला द्यायचं अण्णांनी ठरवलं. फक्त त्यासोबत आणखी एक कार्यक्रम जोडला होता, आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

त्या दिवसांत आमच्याकडच्या सगळ्या मोबाइलवर एक मजकूर फिरत होता. इंग्रजांच्या काळात कुणी साहेब फैजपूरला आला, इथली केळी खाऊन आनंदाने वेडा होऊन नाचायला लागला, आणि म्हणून इंग्रजीत वेडं होण्याला 'गो बनानाज' म्हणतात! खाली लिहिलं होतं, गर्व असेल तर पुढे पाठवा. गर्व सगळ्यांनाच होता. मलाच तो मजकूर पाच जणांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा भाऊ. अण्णांनी तर भुसावळ रस्त्यावर कमान उभारायला घेतली: 'गो बनानाज या जगप्रसिद्ध शब्दाची जन्मभूमी, फैजपूर.' कमानीचं उद्घाटन, हॉलच्या चाव्या आणि सरांचा सत्कार, सगळं एकाच मांडवात. आणि शब्दाबद्दल चार वाक्यं बोलणार कोण, तर अर्थात पिंजारी सर.

अण्णा निमंत्रण घेऊन आले तेव्हा मी सरांच्या ओसरीवरच होते. "सर, तुमी निस्तं दोन शब्द बोला. आपली केयी जगात जाऊ राह्यली, मंग आपला शब्द काहून नाही जाणार?"

सर म्हणाले, "अण्णा, आधी त्याचं गाव तर विचारू द्या."

"विचारा ना! फैजपूरच निंघीन!" असं म्हणून अण्णा गेले.

सरांनी विचारलं. घरातले कोश काढले, जळगावच्या ग्रंथालयात जाऊन बसले, कुठल्याशा परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. शब्द निघाला अमेरिकेचा, आणि तोही फार जुना नाही. कॉलेजातल्या पोरांच्या तोंडचा. इंग्रज आपल्या देशातून गेल्यानंतरचा. पहिल्यांदा कुणी आणि का म्हटलं, ते तिकडच्यांनाही नक्की ठाऊक नाही. सर उठून अण्णांकडे गेले आणि सरळ सांगितलं, "अण्णा, हा शब्द आपला नाही."

अण्णा म्हणाले, "सर, पत्रिका वाटून झाल्या."

"मग मी येत नाही."

"असं कसं? नाव छापलं तुमचं. तुमी या, केयीबद्दल बोला. बाकी मी पाह्यतो."

कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही दोघं चालत निघालो. मी त्यांना समजावलं. म्हटलं, सर, केळी गोड आहेत म्हणा, अण्णांचे आभार माना, चाव्या घ्या आणि खाली उतरा. त्या शब्दाचं नावच काढू नका. खोटंही नाही आणि भांडणही नाही. ते म्हणाले, "बाई, मी तिथे उभा राहिलो की माझं उभं राहणंच साक्ष होतं. उद्या पोरगं परीक्षेत लिहील, पिंजारी सर हजर होते." पत्र्याखालच्या त्या पोरी माझ्या डोळ्यांपुढे होत्या, आणि त्यांच्याही होत्याच.

मांडव भरला होता. दोन्ही बाजूंना घडासकट केळीचे खांब, पुढच्या रांगेत पुढारी, मागे सरांचेच जुने विद्यार्थी. शाल, श्रीफळ, हार झाला. चाव्या ताटात फुलांवर ठेवल्या होत्या. सर माइकपाशी गेले.

"तुम्ही सगळ्यांनी माझा इतका मान केला, म्हणून तुमच्याशी खोटं बोलणं मला जड जातं," ते म्हणाले. "मी शाळेत तुम्हाला एकच गोष्ट शिकवली, शब्दाला गाव विचारायची. या शब्दाचं गाव मी विचारून आलो. तो अमेरिकेचा आहे. आपला नाही. दुसऱ्याच्या पोराला आपलं नाव लावायची आपल्याला गरजही नाही. भर उन्हात केळीची पिलं वाढवणारी, घड खांद्यावरून एक ओरखडा न पडू देता गाडीपर्यंत नेणारी माणसं आपल्याकडे आहेत. तिकडे जगात जे जातं ते तुमच्या हातचं जातं. कमानीवर लिहायचंच असेल तर खरं लिहा. शब्द त्यांचा आहे. केळी आपली आहेत."

आणि ते खाली बसले. मी टाळी वाजवली. एकटीच. ती टाळी त्या शांततेत इतकी मोठी वाजली की मलाच दचकायला झालं, पण मी थांबले नाही.

अण्णांचा चेहरा लाल झाला होता. चारचौघांत, पुढाऱ्यांसमोर, त्यांच्याच मांडवात. त्यांनी माइक ओढला. "सर हुशार आहेत. पण सर पडले दोंडाईचाचे. त्यायले आपल्या गावाचं काय पडलंय?"

चाव्या ताटातच राहिल्या. कुणीतरी ताट आत नेलं. सरांनी अंगावरची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि आम्ही परत निघालो. मी त्यांना अनेकदा पिंजलेलं पाहिलं होतं, मुख्याध्यापकांकडून, अधिकाऱ्यांकडून. ते कधी हलले नाहीत. त्या दिवशी मात्र अर्ध्या रस्त्यात थांबून म्हणाले, "शब्द आपला नाही म्हटलं, ते त्यांना चाललं नाही ते समजतं. पण मी आपला नाही?" एवढंच. मला अण्णांचा इतका राग आला होता की त्या आठवड्यात मी केळी खाल्ली नाहीत.

रविवारी वर्ग भरला. सरांच्या पुतण्याचं, सलीमचं, बाजारात गाद्यांचं दुकान होतं. त्याने मागची खोली रिकामी करून दिली. पोरं नव्या गाद्यांच्या थप्प्यांवर बसायची, हवेत कापसाचे तंतू, मधूनच कुणाला शिंका. मोठ्या मुली परत यायला लागल्या. इतक्या मऊ बाकांवर इंग्रजी शिकलेला वर्ग हाच असावा. तरी जागा अपुरीच होती, आणि हंगामात सलीमला ती परत लागणार होती. कमान मात्र भुसावळ रस्त्यावर उभीच होती.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला एका रविवारी दुकानापुढे अण्णांची गाडी थांबली. मीही तेव्हा पोरांचं मराठी बघायला तिथे जात असे. अण्णा आत आले, कुठे बसावं ते कळेना, शेवटी गादीवर बसले आणि खोलवर रुतले. हातात पुठ्ठ्याचं नवं कोरं खोकं. केळी परदेशी पाठवायची खोकी छापायची होती, आणि एका व्यापाऱ्याने त्यावर टाकायला एक शब्द सुचवला होता.

"टॉप बनाना," अण्णा म्हणाले. "म्हणे सगयात भारी, एक नंबर असा अर्थ आहे. सगये म्हणतात छापून टाका. पण सर..." अण्णांनी खोकं उगाच फिरवलं. "म्या म्हटलं, आधी याचं गाव इचारून येतो."

सरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग जणू काही झालंच नव्हतं अशी त्यांची बोटं हवेतला कापूस ओढायला लागली. "गाव अमेरिका. धंदा तमाशा. तिकडच्या गमतीच्या खेळांत जो मुख्य सोंगाड्या असतो ना अण्णा, त्याला ते टॉप बनाना म्हणत. त्यावरून मग एक नंबरचा माणूस. अर्थ तुम्हाला सांगितला तो बरोबर आहे. बेलाशक छापा."

"मुख्य सोंगाड्या?" अण्णा म्हणाले. पोरं श्वास रोखून बसली. "मंग त्या दिवशी मांडवात म्याच व्हतो म्हना ना, टॉप बनाना!" आणि ते गादीवर मागे रेलून इतके हसले की सलीम दुकानातून धावत आला. सरही हसले. मीही. माझा राग असा हसण्यावारी गेला, हे मला अजून आवडलेलं नाही.

हसणं ओसरल्यावर अण्णांनी खिशातून चाव्या काढल्या आणि सरांच्या हातात ठेवल्या. "पोरायले तिकडे घेऊन चला," म्हणाले. "आणि सर, त्या दिवशी मी तुमच्या गावाचं बोललो ते..." सरांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. सलीमला चहा सांगितला.

आठ दिवसांनी मी एसटीने जळगावला जात होते. भुसावळ रस्त्यावर कमान आली तशी खिडकीतून सहज वर पाहिलं. जुनी अक्षरं पुसली होती. नवी ओळ होती: 'शब्द त्यांचा आहे. केळी आपली आहेत. फैजपूर.' शेजारच्या प्रवाशाने विचारलं, हे काय हो, याचा अर्थ काय. त्याला मी भुसावळ येईपर्यंत अर्थ सांगत होते. त्या कमानीखालून मी आजही जाते तेव्हा पदर सावरून ताठ बसते.

वर्ग त्या हॉलमध्ये अजून चालतो. सरांचे जुने विद्यार्थी चालवतात, आणि नवा शब्द आला की गाव विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. सरांना मात्र वय झालं. दिसायला कमी आलं. शेवटी मुलगी नसीम, जी दोंडाईचालाच दिली आहे, ती त्यांना न्यायला आली. जाताना दोघं जळगावहून सुरतेकडच्या गाडीने निघाले. मी तेव्हा जळगावला राहायला आले होते, म्हणून भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून स्टेशनवर गेले. सर खिडकीशी बसले होते. पोरांची चौकशी केली, अण्णांच्या गुडघ्याची केली, खोक्यांवर शेवटी काय छापलं ते विचारलं. मला खूप काही बोलायचं होतं. बोलले एवढंच, की भाकरी गरम आहे तोवर खा.

समोरच्या बाकावर धोतर, टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी येऊन बसला. अमळनेरकडचा असावा. पिशवी पायाशी ठेवली, घाम पुसला आणि सरांकडे बघून पहिलाच प्रश्न टाकला.

"कोन गावना शेतस चाचा?"

गाडी हलली होती. मी खिडकीबरोबर चालायला लागले. मला उत्तर माहीत होतं. सगळा जन्म ते एकच उत्तर देत आले होते, दोंडाईचा.

"फैजपूर," सर म्हणाले.

"आन् आते कथा चालनात?" आता निघालात कुठे, एवढंच त्याला हवं होतं.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. चष्म्याआड मिस्कील हसले, आणि त्या माणसाला म्हणाले, "माहेरले."